रेषेवरचा ओढा

४ नोव्हेंबर

धाकट्या,

बाबा नकाशा जमिनीवर पसरायचे तेव्हा दोन कोपऱ्यांवर पितळेची वजनं असायची आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आपण. कागद कायम गुंडाळलेला, त्याला सरळ राहायची सवयच नव्हती. आपल्यापैकी एकजण जरी हसून हलला, की तो सुर्रकन वळत बाबांच्या नाकापर्यंत यायचा. "वजनं तुमच्यापेक्षा शहाणी," म्हणत ते पुन्हा पसरायचे. तू डाव्या कोपऱ्यावर, मी उजव्या. तू सात वर्षांचा असशील. म्हणजे मी तेराची, कोपऱ्यावर बसायचं वय उलटून गेलेली. पण तू एकटा बसायचा नाहीस.

गेला आठवडाभर हेच आठवतंय, म्हणून लिहिते आहे. तुझा पत्ता मावशीच्या सुनेकडून घेतला. बत्तीस वर्षांत मी तो तीनदा घेतला आणि तीनदा हरवला. या वेळी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला आहे.

मंगळवारी माझ्याकडे एक मुलगी आली होती. पालिकेत इंजिनिअर आहे. बुटांना चिखल होता म्हणून बूट दाराबाहेर काढून मोज्यांवर आत आली. एका मोज्याला अंगठ्याशी भोक. मी दिवाणावर बसवलं तर दोन मिनिटांत उतरून जमिनीवर बसली आणि पिशवीतून आपल्या मोजणीच्या ऑफिसचे दोन छापील नकाशे काढले. शहराच्या पूर्वेकडचा पट्टा, तिथे वस्ती होण्याआधीचा. वीटभट्ट्या, कोबीचे मळे, रेल्वेचा पूल. तू सहा महिने पायी फिरून मोजलेला. मला त्यातलं प्रत्येक अक्षर ओळखू आलं, कारण ती माझ्याच हातची अक्षरं.

तिने दोन्ही शीट कडेला कड लावून ठेवली. "मावशी, हे बघा," म्हणाली. एका शीटवर उंचीच्या रेषा कडेकडे उतरत जातात, दुसरीवर कडेपासून चढत जातात. वेगवेगळी बघितली तर कुणाला काही वाटणार नाही. शेजारी ठेवली की मात्र प्रत्येक रेषा त्या सांध्यावर गुडघ्यात वाकते. एकाखाली एक बारा गुडघे, सगळे टेकडीकडे तोंड केलेले. "रेषा अशा ओढ्यासाठी वाकतात ना? मग ओढा कुठाय?"

याच नकाशावर विसंबून बांधलेली ती चाळ जिथे खचली होती ना, त्या जागी आता शाळा बांधणार आहेत. पंचवीस तारखेला पाया भरायचा आहे. एका कोपऱ्यात बोअर घेतलं तर नुसता गाळ लागला. ठेकेदार म्हणतो, पाइप फुटलाय, दुसरं काही नाही. साहेबांना लेखी पुरावा हवा. तिला छापण्याआधीची मूळ शीट हवी आहे, तू जागेवर पेन्सिलने काढलेली. रेकॉर्डमध्ये ती नाही. नकाशे शाईने उतरवणाऱ्या आम्हा जुन्या ट्रेसर बायकांपैकी हयात असलेल्यांना विचारत विचारत ती माझ्यापर्यंत आली.

मी नाही म्हटलं. माझ्याकडे कुठून असणार, म्हटलं.

ती मूळ शीट माझ्याकडे आहे, धाकट्या. ती पोरगी आधी बसली होती त्याच दिवाणाच्या पोटात. तुझं फील्डबुकही तिथेच आहे. परवा साफसफाई करताना सापडलं. काय करू ते सुचत नाही. तू काय म्हणतोस?

ताई

१२ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं नाही, पण तुझ्या बायकोचं पत्र आलं. जिला मी अजून पाहिलेलंही नाही तिने मला नमस्कार लिहिला, हेच मोठं. ती लिहिते, "त्यांनी पत्र वाचलं, घड्याळाखाली ठेवलं आणि दुकानात जाऊन एका सायकलची चेन साफ करत बसले. चेन आधीच स्वच्छ होती." म्हणजे तू तसाच आहेस.

तुझं उत्तर येईपर्यंत मला धीर निघाला नाही. घरात बसवत नव्हतं. दूध तापत ठेवून दारापर्यंत जायची, परत यायची, दिवाणावर बसायची, लगेच उठायची. खाली निखारा ठेवल्यासारखं वाटत होतं. शेवटी सोमवारी शीट चादरीत गुंडाळली आणि पालिकेत गेले.

इंजिनिअर मुलीने टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. कोपरे धरायला दोन फायली, एक स्टेपलर आणि तिचा जेवणाचा डबा. तुझी निळी पेन्सिल अजून पुसट झालेली नाही. टेकडीखालून निघून वीटभट्टीच्या मागून खाली येणारा ओढा, आणि तुझ्या बारीक तिरक्या अक्षरात, "उन्हाळ्यात कोरडा". ती बोट ठेवून त्या रेषेवरून शेवटपर्यंत गेली. मग साहेबांना बोलावलं. साहेबांनीही तेच केलं, बोट ठेवून. शाळेची जागा चाळीस पावलं वर सरकवणार आहेत.

तेव्हा शाळा वाचली. हे तुला आधी सांगायला हवं होतं.

नंतर तिने विचारलं की ही तुमच्याकडे कशी. मी म्हटलं, सापडली. ती माझ्याकडे बघत राहिली, चाणाक्ष आहे. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, मी अहवालात लिहिते की जुन्या रेकॉर्ड रूममध्ये मिळाली. या वयात तुम्हाला चौकशीची कटकट कशाला?" आणि मी बरं म्हटलं.

जिने उतरताना गुडघे दुखले नाहीत. घरी येऊन चक्क जेवले आणि दुपारी झोपले.

तुझी चौकशी झाली होती, तुला काढून टाकलं होतं, हे त्या मुलीला माहीत नाही. तेव्हा तिचा जन्मही झाला नसेल. मीही तो विषय काढला नाही. आता तो काढून काय होणार, असं वाटलं. शीट सापडली ती सापडली. तुलाही एवढं पुरे ना?

ताई

१५ नोव्हेंबर

धाकट्या,

उत्तराची वाट न बघता आणखी एक. झोप पुन्हा गेली आहे.

काल बस पकडून तिथे गेले. तुझ्या नकाशावरचं काही उरलेलं नाही. रेल्वेच्या पुलापासून पावलं मोजत निघाले तर तिसऱ्या मिनिटाला एका दवाखान्याच्या भिंतीवर आपटले. मळे नाहीत, भट्ट्या नाहीत. टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तेवढी खूण. शाळेच्या जागेवर खुंट्या आणि पांढरी दोरी. खुंट्यांची जुनी भोकं दिसत होती आणि त्यांच्यापासून वर चाळीस पावलांवर नव्या खुंट्या. जुन्या भोकांपैकी दोनांत पाणी साचलं होतं. पाऊस थांबून महिना झाला.

समोर बेकरी आहे. चाळीत जो बेकरीवाला आणि त्याची आई गेली ना, त्याचीच मुलगी ती चालवते. तेव्हा ती आठ वर्षांची होती. भिंत कोसळली त्या दिवशी शाळेत होती म्हणून राहिली. मी पाव घेतला. पिठाच्या हातांनीच सुटे पैसे देत तिने विचारलं, "नवीन राहायला आलात?" मी म्हटलं, नाही, शाळा बघायला आले. मग ती बोलत सुटली. तिचे वडील म्हणायचे, भट्टीखाली पाणी बोलतं. चाळभर लोक त्यांना हसायचे. "आणि ज्याने मोजणी केली तो म्हणे झाडाखाली झोपला होता. कुणाची झोप, कुणाचं मरण."

मी पाव घेऊन बाहेर आले. तो माणूस झोपला नव्हता, एवढं एक वाक्य मला तिथे बोलता आलं असतं. बस आली, मी चढले.

पाव अजून तसाच आहे.

ताई

२० नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. बत्तीस वर्षांनी तुझं अक्षर, आणि त्यात एकच ओळ: "ताई, मी तो काढला होता ना?"

मला वाटत होतं तू रागावून विचारशील, कुठे होती शीट, का लपवलीस. तू हे विचारलंस. म्हणजे सगळे इतकी वर्षं सांगत राहिले, आणि तुला स्वतःचीच खात्री राहिली नाही. पोस्टाच्या बाकावर बसून मी ते कार्ड वाचलं आणि तिथेच हे लिहिते आहे. घरी गेले तर शब्द बदलतील.

होय. तू तो काढला होतास. पूर्ण, शेवटच्या वळणापर्यंत. फील्डबुकाच्या एकेचाळिसाव्या पानावर तू लिहिलंयस: "वाळूत हातभर खणलं की पाणी. धुण्याचे दगड अकरा. बायका सांगतात, चार महिने वाहतो." तू झाडाखाली झोपला नव्हतास. तू दगड मोजले होतेस.

तो मी गाळला.

साफसफाईत काही सापडलं नाही. ती शीट कायम कुठे आहे ते मला माहीत होतं. घर तीनदा बदललं, तिन्ही वेळा ती मी स्वतः हातात धरून नेली, सामानात दिली नाही.

कसं झालं ते सांगते. तुझ्या एका मोठ्या शीटचे छपाईसाठी दोन भाग व्हायचे होते. मधून जी कापाची रेषा जाते ती नेमकी ओढ्याला चिकटून जात होती, जवळजवळ मैलभर. नियम तुला ठाऊक आहे, रेषेवर जे येईल ते डाव्या शीटवर काढायचं. मी उजवी शीट आधी घेतली. ओढा दिसला, म्हटलं हा डावीकडचा, आणि सोडला. तीन आठवड्यांनी डावी घेतली. काम मळू नये म्हणून उजव्या भागावर तपकिरी कागद लावला होता. ओढा रेषेच्या केसभर उजवीकडे, म्हणजे कागदाखाली. तो आपणच सोडला होता हे तीन आठवड्यांत विसरले होते; मला डावीकडे ओढा दिसला नाही, तेव्हा वाटलं, उजवीत काढला असणार. दोन मुलांच्या घरांमधल्या आईसारखं झालं. याला वाटतं ती त्याच्याकडे, त्याला वाटतं याच्याकडे, आणि म्हातारी कुणाकडेच नाही.

हे होऊ नये म्हणून शेवटी दोन्ही ट्रेसिंग शेजारी ठेवून जोड तपासायचा असतो आणि खाली सही करायची असते. मी सही केली. जोड तपासला नाही. त्या दिवशी पाच वाजता बसथांब्यावर मला एकजण भेटायचा होता. तू त्याला "लांब मानेचा" म्हणायचास. मी धावत गेले. तो आलाच नाही. तो नंतरही कधी आला नाही, पण तो वेगळा विषय.

मूळ शीट आणि तुझं फील्डबुक नावं लिहायला मी घरी आणली होती. तसं न्यायला बंदी होती, पण माझं अक्षर चांगलं म्हणून हेड ट्रेसर काणाडोळा करायचा. परत न्यायची राहून गेली. सहा वर्षांनी भिंत पडली. दुसऱ्या दिवशी पेपर वाचला, शीट उघडली, आणि ओढा दिसला. त्याच आठवड्यात तुला बोलावणं आलं. तू चौकशीत सांगत राहिलास, मी काढला होता, मूळ शीट बघा. ते म्हणाले, शीट नाही, आणि फील्डबुकही नाही. दोन्ही माझ्या गादीखाली होती.

नोकरीची भीती वाटली हे खरं. पण त्याहून लाजिरवाणं असं की मला माझ्या हाताचं कौतुक जपायचं होतं. अख्ख्या ऑफिसात जिच्या कामात चूक निघत नाही ती मी. वाटलं, तुला फार तर ताकीद देतील. मग काढून टाकलं. मग वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस गप्प का, असं विचारतील. त्यानंतर रोज एक दिवस वाढत गेला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, केलेलं पाप आपोआप आठवतं, न केलेलं बसून आठवावं लागतं. मी बसलेच नाही कधी. सारखी उठत राहिले.

आणखी एक, ते सांगायला सगळ्यात जड जातंय. निकाल लागल्यावर एका दुपारी मी बाबांच्या खोलीत डोकावले. त्यांनी दोन्ही छापील शीट जमिनीवर जोडून ठेवली होती. कोपऱ्यांवर वजनं होती दोन, उरलेल्या दोनांवर त्यांचे बूट. भिंग घेऊन ओणवे झाले होते. तीस वर्षं उंचीच्या रेषा वाचलेला माणूस, त्यांना ते बारा गुडघे दिसले नसतील? मला बघून ते उठून बसले. भिंग बाजूला ठेवून म्हणाले, "अक्षर सुरेख आहे तुझं." बस. पुन्हा त्यांनी नकाशा उघडला नाही.

तुझ्याशी बोलणं त्यांनी त्यानंतर टाकलं, आधी नाही. तू तारखा ताडून बघ. चौकशी चालू असताना ते रोज तुझ्यासाठी थांबून जेवायचे. तू घर सोडून गेलास त्या सकाळी ते दाराशी आले नाहीत, ते तू खोटा ठरलास म्हणून नाही. तुला खरं सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागणार होतं. त्यांनी एका मुलाला वाचवायला दुसरं दिलं, आणि ते निवडायचं ओझं मीच त्यांच्यावर टाकलं होतं. तू त्यांच्या अंत्यविधीला आला नाहीस तेव्हा नातेवाइकांत तुला बोल लावणाऱ्यांत मीही होते.

तुझ्या एका ओळीला एवढं मोठं उत्तर झालं. पत्र नीट वाचूनही बघणार नाही. पेटी समोरच आहे.

ताई

२७ नोव्हेंबर

धाकट्या,

गुरुवारी पालिकेत गेले. इंजिनिअर मुलीला म्हटलं, अहवाल बदल. शीट रेकॉर्ड रूममध्ये मिळाली नाही, माझ्या घरात होती, आणि का होती ते मी लिहून आणलंय. चार पानं होती. तिने उभ्याउभ्या वाचली. दुसऱ्या पानावर ती खाली बसली. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाई, तुम्हाला कळतंय ना हे काय आहे?" तोवर मावशी होते, तेव्हापासून बाई झाले. तिचं चुकलं नाही.

मग मोजणीच्या ऑफिसात. तिथला साहेब माझ्या मुलाच्या वयाचा असता, मला मूल असतं तर. आधी त्याने चहा मागवला, वाचल्यावर तो तसाच राहिला. म्हणाला की चौकशी करणारे सगळे वर गेले, फाइल बंद झाली, आता हे कुणासाठी? मी म्हटलं, "ज्याची केली तो आहे." माझं निवेदन तुझ्या चौकशीच्या फाइलला जोडलं आहे, आणि ओढा गाळल्याची जबाबदारी सर्व्हेअरची नाही असा शेरा आज त्याच्या सहीने मिळाला. माझ्यावर काय कारवाई करायची ते ठरवतील. पेन्शन थांबवली तर थांबवोत.

शेवटी बेकरीत. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले आणि सांगितलं. मोजणी करणारा झोपला नव्हता, त्याने पाणी दाखवलं होतं, तिचे वडील खरं बोलत होते, आणि ते पाणी नकाशातून गाळणारी मी. ती पीठ मळत होती, मळतच राहिली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाली, "आता पाव घ्यायला येत जाऊ नका." मी बरं म्हटलं. दारापर्यंत आले तेव्हा मागून म्हणाली, "त्या माणसाला सांगा, मी लोकांना चुकीचं सांगत होते."

सांगितलं.

रस्त्यात इंजिनिअर मुलगी भेटली. पाया भरून झाला होता, वरच्या खुंट्यांवर. जुन्या जागेवर पाण्याला वाट म्हणून चर खणताहेत, पूर्वेकडे, तुझ्या शेवटच्या वळणाबरहुकूम. फारसं बोलली नाही. मी बसमध्ये चढताना मात्र, "सावकाश, मावशी," म्हणाली.

आता वाटण्या. वय झालंय आणि कारवाईत काय होईल सांगता येत नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

मूळ शीट ऑफिसच्या रेकॉर्डची, तिथे परत गेली. पोच या पत्राबरोबर आहे, शेऱ्याची नक्कलही. दोन्ही तुझ्याकडे राहू देत. मावशीच्या सुनेलाही एक नक्कल दिली आहे आणि ती सगळ्या नातेवाइकांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली आहे. तिला ते काम आवडेल.

फील्डबुक तुझं. एकेचाळिसाव्या पानावर खूण घातली आहे.

बाबांचं भिंग इंजिनिअर मुलीला. मी देईन तेव्हा घेईल असं वाटत नाही, म्हणून माझ्यामागे तू दे.

सिस्टरने बक्षीस दिलेली निबांची डबी नव्या शाळेला. कुणी दिली ते लिहू नका.

पितळेची दोन्ही वजनं तुझ्या बायकोला. पत्रं ठेवायला घड्याळ उचलायची गरज पडू नये. जड आहेत, पार्सल दोन्ही हातांनी घ्यायला सांग.

छापील शीट बाबांचीच आहेत, त्यांनी जोडून बघितलेली. डावी तुला पाठवते आहे, सोबत निळी पेन्सिल. रेषेवरचं डाव्या शीटवर काढायचं असतं, तेव्हा ओढा तूच काढ. माझा हात त्याला लागू नये. उजवी माझ्याकडे ठेवली आहे. तिथला जोड अडतीस वर्षं तपासायचा राहिलाय, आणि तो टपालाने तपासता येत नाही. तुझ्या गावची बस इथून सकाळी सव्वासातला सुटते असं चौकशी खिडकीवर कळलं. नको असेल तर तसं कार्ड टाक; नुसतं "नको" लिहिलंस तरी मी समजेन. ये म्हणालास तर उजवी शीट घेऊन येईन.

दोन कोपऱ्यांना वजनं तुमच्याकडे पोचलेली असतीलच.

ताई